संपतनानाचा उजवा रकाना

खुटबावात एक गोष्ट दबक्या आवाजात बोलली जायची. म्हणजे दौंडच्या फलाटावर ऐकू जाईल, इतक्या दबक्या. संपतनानाच्या ब्लॉगला उजव्या हाताला जो रकाना आहे, त्यात जित्या माणसाचा फोटो आपला आपण येतो, आणि फोटो आला की ते माणूस महिन्याभरात जातं.

संपत धायगुडे दौंड जंक्शनात पॉइंट्समन होता. चौतीस वर्षं रुळांचे सांधे बदलले. निवृत्त झाल्यावर हाताला चाळा हवा, म्हणून पुतणी अंकिताच्या सेवा केंद्रात दुपारचा रिकामा कॉम्प्युटर धरून बसू लागला. तिथंच त्यानं ‘खुटबावची खबर’ नावाचा ब्लॉग काढला. डेमू गाडीच्या वेळा, कालव्याला पाणी कधी सुटणार, कुणाच्या पोरीची साखरपुड्याची तारीख, असली गरजेची माहिती. पण लोक ब्लॉग उघडायचे ते डावा रकाना बघायला. त्यात वाढदिवसाचे फोटो असत. गॉगल, कानाला फोन, आणि खाली पाच-सहा पदव्या.

मयतांचे फोटोही त्याच रकान्यात जायचे. दुसरी जागाच नव्हती. एकदा कैलासवासी सारजाबाईंच्या फोटोखाली सोसायटीचे चेअरमन बापूसाहेब आले. वाढदिवसाचं शीर्षक कुठंतरी खाली घसरलं होतं. बापूसाहेब तणतणत केंद्रात आले.

“नाना, मला जित्तेपणी पोचिवला व्हय? सकाळधरनं चार फोन आले, सावडायला कवा यायचं म्हून!”

“चारच?” नाना म्हणाला. “मला वाटलं, तुमाला माणसं लई मानत्यात.”

“हसू नका. जित्यांचा रकाना येगळा करा आन् मेल्यांचा येगळा.”

नानानं मनावर घेतलं. ब्लॉगच्या थीमला एकच बाजूचा रकाना होता. त्यानं थीमचा कोड उघडला, डाव्या रकान्याच्या ओळी उचलल्या आणि मजकुराच्या पलीकडं चिकटवल्या. कॉम्प्युटरनं नकार दिला. दोन रकान्यांना एकच नाव चालत नाही. नानाला ते लगेच पटलं, दोन गाड्यांना एक नंबर कसा चालेल? नाव बदललं, तर नवा रकाना पानाच्या तळाशी जाऊन पडला. मग त्यानं कागदावर रुंदीची बेरीज केली. मधल्या मजकुराला आवळलं, डाव्याला थोडं आत घेतलं, तेव्हा तिसऱ्या दिवशी उजवा रकाना वर येऊन उभा राहिला. वर मथळा दिला, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. फोटो एकेक चढवायचा कंटाळा, म्हणून केंद्राच्या कॉम्प्युटरवरचा एक रिकामा अल्बम त्यानं रकान्याला जोडून दिला. अल्बमात फोटो पडला की रकान्यात दिसणार. सांधा एकदा लावला की त्या रुळावर आपलीच गाडी येणार, हा रेल्वेवाल्याचा भरवसा.

पंधरा दिवसांनी रकान्यात गल्लीतला म्हातारा तात्याबा आला. आणि तात्याबा तर केंद्रासमोरच्या ओट्यावर बसून तंबाखू मळत होता!

“तात्याबा, तुमी गेलाय की!” नाना म्हणाला.

“जाऊन आलो,” तात्याबा म्हणाला. “तिकडं तंबाखू बरी न्हाई.”

ओटा हसून लोळला. नानानं फोटो काढून टाकायचा म्हणून रकान्यातून पुसला, पण सकाळी तात्याबा पुन्हा हजर. तिसऱ्या आठवड्यात तो खरंच गेला. ओट्यावरचा तंबाखूचा डाग कुणी पुसेना.

मग रकान्यात शेजारची साखरबाई आली. तिनं रविवारी नानाला हाक मारून हुरडा दिला होता. त्यापासून सोळाव्या दिवशी तिची दशक्रियाही उरकली होती. त्यानंतर नानानं फोन वर केला की माणसं तोंडावर पदर, टोपी, हातात असेल ते घेऊ लागली. वाढदिवसाचा रकाना ओस पडला. बापूसाहेबांनी तर ‘यंदा आमी वाढदिवस करत न्हाई’ असा निरोप धाडला. नाना हसायचा, पण स्क्रीन उघडताना आधी डावी बाजू बघायचा, मग मधली, आणि मान तशीच ठेवून नुसते डोळे उजवीकडं न्यायचा.

एका दुपारी वीज गेली, आली. बाहेर ऊन पांढरं पडलं होतं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. ब्लॉग उघडला. उजव्या रकान्यात गिताबाई होती. नानाची बायको.

हा फोटो त्यानं काढलेला नव्हता. डोक्यावर पदर, ओठ मिटलेले, नजर सरळ त्याच्यावर. मागं नुसतं पांढरं. तात्याबाच्या मागंही तसंच पांढरं होतं, साखरबाईच्याही.

घरी गिताबाई भाकरी थापत होती. नाना उंबऱ्यात उभा राहून तिचा श्वास मोजू लागला.

“अवो, असं काय बघताय? नवी नवरी हाय का मी?”

“बरी हाईस ना?”

“मला काय धाड भरलीया?”

पण परातीवरचा तिचा डावा हात चालत नव्हता. कधीपासून चालत नव्हता? नानाला आठवेना. चार दिवस ती झोपली तरी तो तिला उठवायचा, न्हाणीघरात गेली तरी हाक मारायचा. पाचव्या दिवशी केंद्रात बसल्या बसल्या त्यानं मान वळवली. पाठीमागच्या भिंतीवर अंकितानं खिळ्यांना पांढरी चादर ताणली होती.

“अंके, हितं कुणाचे फोटो काढतीस?”

अंकितानं माऊस बाजूला सरकवला. “नाना, काकूनं शपथ घातलीया.”

तो तसाच घरी गेला. गिताबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, “छातीत गाठ हाय. दिवाळीपासनं. पुण्याच्या दवाखान्याचा अर्ज भरून घेतला, धाडायचं धाडस झालं न्हाई. गाव तुमाला यमाचा कारकून म्हणतंय, त्यात माजं कुठं सांगू?”

“खुळे,” नाना म्हणाला. त्यानं खुंटीवरची पिशवी खाली काढली.

दुसऱ्या सकाळी दोघं डेमूनं पुण्याला गेले. महिन्यात ऑपरेशन झालं. गिताबाई परत आली, अजून आहे. भाकरी मात्र आता नाना थापतो, आणि ती कशी होते हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

खरं होतं ते एवढंच. पुण्याच्या एका दवाखान्यात मोठ्या आजारासाठी अर्ज करायला फोटो लागायचा. तो अंकिता त्या चादरीपुढं काढायची आणि नानाला रिकामा वाटलेल्या अल्बमात ठेवायची. तात्याबा आणि साखरबाई आधीच आजारी होते.