वाटीअण्णांची मांडामांड

वाटीअण्णांच्या हातात कुणी चिनी मातीचा कप दिला, तर चहा पिण्याआधी ते त्याला नखाने टिचकी मारत आणि आवाज विरेपर्यंत कान लावून बसत. मग निकाल देत, "कोमल गंधार. पण काठाला बारीक चीर गेलीय. महिनाभर टिकेल." कप महिनाभरच टिकायचा. आमचे दोन चांगले कप त्यांच्या टिचकीनेच गेले, असं माझ्या बायकोचं शेवटपर्यंत ठाम मत होतं.

अण्णा जलतरंग वाजवत. चिनी मातीच्या अठरा वाट्या अर्धवर्तुळात मांडायच्या, कमी-जास्त पाणी भरून एकेकीत एकेक सूर लावायचा आणि दोन बारीक काड्यांनी वाजवायचं, असं ते वाद्य. दिवसा आम्ही दोघं बडोदे सरकारच्या महसूल खात्यात शेजारी बसून नकला उतरवत असू. कुठे बारसं, लग्न, सत्कार निघाला की ते वाट्या घेत आणि मी तबला. 'वाटीअण्णा' हे नाव दरबारच्या एका गवयाने चेष्टेने पाडलं होतं. हे स्वयंपाकघरातलं वाद्य, असं ती मंडळी म्हणायची. अण्णा त्यावर सगळ्यांच्या आधी हसत. पण राजवाड्यात एकदा वाजवायचं, त्या गवयांच्या पंगतीला बसून वाजवायचं, एवढी एकच इच्छा त्या माणसाच्या मनात वीस वर्षं होती, हे मला माहीत होतं.

कार्यक्रम दोन घटकांचा असो, अण्णांची तयारी आदल्या सकाळी सुरू होई. वाट्या बेसन लावून धुवायच्या, कारण राखेने चरे पडतात. मग ताप बघावा तसा प्रत्येकीला हात लावून, वाजवून, ती ठणठणीत आहे ना याची खात्री करायची. मग वहिनींच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत एकेक गुंडाळून भुशाच्या पेटीत ठेवायची. वहिनी म्हणजे अण्णांची बायको. त्यांचं कुठलं लुगडं जुनं झालं हे त्यांच्याआधी अण्णांना कळे. "अहो, हे मी परवाच नेसले होते!" असा आवाज आतून आला की ओळखावं, उद्या कार्यक्रम आहे.

पाणी घरच्या विहिरीचंच लागे. ते तांब्याच्या कळशीत भरून टांग्यात आमच्याबरोबर येई. "अण्णा, अख्ख्या बडोद्यात दुसरीकडे पाणी नाही का?" मी विचारी. "आहे रे. पण त्याची आणि माझी ओळख नाही." टांगेवाल्याला घोडा चालवत न्यायची ताकीद असे. रावपुऱ्यातून आम्ही असे निघालो की पायी चाललेले लोक आम्हाला मागे टाकून जात आणि वर वळून नमस्कारही करत.

पाण्याचा हिशेब पळीने. ती पळी वहिनींच्या देवघरातली. कार्यक्रमाच्या दिवशी देवांना तीर्थ चमच्याने मिळे, आणि वहिनी परत आल्याबरोबर आधी पळी मागत, मग कार्यक्रम कसा झाला ते विचारत. "एक पळी कमी, एक पळी जास्त. सगळी विद्या एवढीच आहे, गोविंदा," अण्णा म्हणत. शिवाय पेटीत एक एकोणिसावी वाटी असे, कुठली फुटलीच तर म्हणून. ती कधीच लागली नाही. तरी तिलाही धुणं, पुसणं, लुगड्याचा तुकडा सगळं इतरांसारखंच मिळे.

आणि मग मांडवीजवळच्या त्या बांचं बोलावणं आलं. बा म्हणजे एका गुजराती पेढीवाल्यांच्या विधवा. मुलगा विलायतेहून शिकून आला होता, त्याचा सत्कार. राजवाड्यातल्या गाण्याबजावण्याची व्यवस्था पाहणारे साहेब तिथे येणार होते आणि जलतरंग ऐकून महाराजांच्या वाढदिवसासाठी नावं ठरवणार होते. अण्णांनी त्या वेळी वाट्या दोनदा धुतल्या. वहिनींनी तर पळी आपण होऊन आणून दिली.

भर उन्हाळ्याचे दिवस. आम्ही तीनलाच पोचलो, तासभर खपून अण्णांनी अठरा वाट्या अशा लावल्या की नुसता पंखा हलला तरी त्या गुणगुणतील असं वाटावं. बांनी सरबताला आत बोलावलं. आम्ही परत आलो तो काय, प्रत्येक वाटी काठोकाठ भरलेली आणि प्रत्येकीत मोगऱ्याचं एकेक टपोरं फूल तरंगतंय! मागे बा उभ्या, आनंदाने फुललेल्या.

"कोईमां ओछुं, कोईमां वधारे, कुठे कमी कुठे जास्त पाणी हतुं, भाई. नोकरांचं काम असंच. में बधामां सरखुं करी आप्युं. अने फूल मूक्यां. केवुं सरस लागे छे!"

मी तोंड उघडलं. अण्णांनी माझ्या पायावर पाय दिला, तो चांगला जोरात. "बहु सरस, बा," ते म्हणाले. "पाणी जरा जास्त झालंय, तेवढं काढतो."

"काढो ने, काढो!" बा म्हणाल्या.

तेवढ्यात साहेब आले. त्यांच्याजवळ अर्धाच तास होता. मी कानाशी लागलो, "अण्णा, सात-आठ वाट्या लावा आणि करा सुरू. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय," अण्णा म्हणाले. त्यांनी एकोणिसावी वाटी काढली, त्यात थोडं पाणी घातलं, एकेक फूल अलगद उचलून तिच्यात ठेवलं आणि वाटी सगळ्यांच्या समोर मांडली. मग पळी घेतली. एक पळी काढ, टिंग. अर्धी घाल, टिंग. साहेबांनी अर्धा तास फक्त टिंग ऐकलं. उठताना म्हणाले, "छान नाद आहे हो," आणि गेले. तेव्हा आठ वाट्या लागायच्या बाकी होत्या.

नंतर अण्णा दोन तास वाजवत होते. इतकं सुरेख त्यांनी पूर्वी वाजवलेलं मी ऐकलं नव्हतं. बा पुढे बसून चुकीच्या मात्रेवर टाळी देत होत्या आणि माझा तबला सांभाळता सांभाळता मला रडू येत होतं. टांग्यात मी उसळलो. "वीस वर्षं वाट पाहिली, आणि त्या बाईने पाणी घातलं त्यावर!"

अण्णा पेटी मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "गोविंदा, लोकांनी माझं वाद्य ऐकलं, हसले, पैसे दिले. सजवलं कुणी होतं का आजवर? तिला काही सांगशील तर माझी शपथ आहे."

राजवाड्याचं बोलावणं कधी आलं नाही. पण त्या दिवसापासून अण्णांच्या प्रत्येक कार्यक्रमात एकोणिसावी वाटी समोर असे आणि तिच्यात मोगरा, नाही तर जे मिळेल ते फूल. बा जमेल त्या कार्यक्रमाला येत, फूल बघत, आणि शेजारणीला सांगत की ही रीत मूळ आपल्या घरची.

अण्णा गेले ते मोगऱ्याच्याच दिवसांत, दोन दिवसांच्या तापाने. तेराव्याला वहिनींनी बैठकीत अठरा वाट्या मांडल्या. कुठलीत किती पाणी ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून सगळ्या सारख्या भरल्या. माझा हात सवयीने पळीकडे गेला. पळी वाट्यांच्या शेजारी नव्हती. ती देवघरात होती.

बा काठी टेकत आल्या. पदरात फुलं होती. "तमारा अण्णाने फूल बहु गमतां, फार आवडायची," मला म्हणाल्या, आणि वाकून वाकून त्यांनी प्रत्येक वाटीत एकेक फूल सोडलं. अठराही वाट्यांत. मी शेजारी उभा राहून बघत होतो. त्यांतलं एकही फूल कुणी काढलं नाही.