रविवारचं ऊन

थंडी पडली की दर रविवारी सकाळी पार्किंगमधल्या उन्हात गाडी धुणं हा माझा एकमेव छंद. "मला कधी एवढं जपलंत का?" असं बायको खिडकीतून विचारते.

तेवढ्यात तळमजल्यावरचे काका चपला फटफटवत यायचे. "साहेब, गाडी जरा मागं घेता? हिचं ऊन अडतंय." मग लकवा झालेल्या काकूंची चाकाची खुर्ची कंडक्टरच्या थाटात "चला मॅडम, स्टॉप आला," म्हणत उन्हात सरकवायचे. मी कुरकुरतच गाडी मागे घ्यायचो.

दिवाळीनंतर काकू गेल्या. पुढच्या रविवारी मी आपणहून गाडी सावलीत लावली. काका आले.

"साहेब, उन्हातच लावा की. लवकर वाळेल."

मी लावली. त्यांनी माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि काच पुसायला लागले. मी बादली त्यांच्याजवळ सरकवली.