कोऱ्या कड्यातली खूण

माईशी वाद घालायला दोन माणसं लागत. एक बोलायला आणि एक त्याला सावरायला. विषय मात्र एकच. गाणं टेपवरून थेट रेकॉर्डवर उतरलं पाहिजे, मध्ये कॉम्प्युटर शिरला की आवाजातला जीव गेला, असं तिचं ठाम मत. रेकॉर्ड कोरता कोरता केस पिकले, मत तसूभर हललं नाही. काम मनासारखं झालं की लेबलभोवतीच्या कोऱ्या कड्यात ती टोकदार खिळ्याने छोटंसं पान ओरखडायची. ती तिची सही. कॉम्प्युटरवरून कोरलेल्या रेकॉर्डवर ते पान कधी उमटायचं नाही. तसली कामं ती करायची, पण पोटासाठी.

आणि पलीकडच्या खोलीत तिचा सख्खा धाकटा भाऊ नेमका कॉम्प्युटरवरच गाणी उतरवत बसलेला! दुपारी दोघं एकाच ताटात जेवायचे आणि जेवतानाही भांडायचे.

अशात ताईची टेप सापडली. ताई म्हणजे या दोघांची थोरली बहीण. तरुणपणी तिचं एकच गाणं ध्वनिमुद्रित झालं होतं, आणि रेकॉर्ड निघायच्या आतच कंपनीला टाळं लागलं. पुढे गळ्याच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला तो गेलाच. आता ती कुजबुजते तेवढीच. आपलं गाणं तिने पुन्हा कधी ऐकलंच नव्हतं.

"संध्याकाळी ये," माईने शब्द दिला. "तुझी रेकॉर्ड तुझ्या हातात देते."

टेप जुनी होऊन चिकटली होती. गरम पेटीत हलकेच शेकली तर एकदा वाजणार होती, दुसऱ्यांदाची खात्री नव्हती.

"आधी मला कॉम्प्युटरवर घेऊ दे, माई," भाऊ म्हणाला. "मग हवं तितकं ऐक, हात बसव आणि कोर."

"ताईचा गळा तुझ्या त्या डबड्यात? जमायचं नाही. मी थेट कोरणार."

"अगं, एकच संधी आहे!"

"मला एकच पुरते. टेपला तुझ्या डबड्याची वायर लावायची तर लाव बापडा, माझ्या यंत्राला हात लावू नकोस."

शेकलेली टेप फिरली. ताईचा आवाज खोलीभर पसरला, माईचे डोळे भरून आले आणि तिथेच घात झाला. शेवटी ताईचा उंच सूर असा दणदणीत लागला, की मोठ्या आवाजाला जागा द्यायला रेकॉर्डवरच्या चरांमधलं अंतर वाढवणारं चाक फिरवायला माईला क्षणभर उशीर झाला. दोन चर एकमेकांत घुसले. वाजवून पाहिलं, तर सुई बरोब्बर त्या सुरावर उडी मारत होती. टेपवरचा थर तर तपकिरी भुकटी होऊन खाली पडला होता.

माईने सुई उचलून ठेवली. "मी ताईचा आवाज मारला रे!"

बहिणीला सुनवायची अशी संधी भावाला जन्मात मिळाली नव्हती. शहाण्याने ती सोडून दिली. मधलं दार उघडून एवढंच म्हणाला, "इकडे आहे तो. ये, ऐक."

माई नाक मुठीत धरून ऐकायला बसली. पुन्हा ऐकताना नाकाचं भान राहिलं नाही. "थांब, इथे ताई श्वास घेते," ती पुटपुटली. "इथूनच जागा करत जायचं." हे शिकायला टेपने तिला वेळच दिला नव्हता. तिने नवी तबकडी चढवली. श्वास आला, चाक फिरलं, चर पांगले आणि तो उंच सूर ऐसपैस बसला.

संध्याकाळी ताई आली, खुर्चीच्या कडेवर टेकली. रेकॉर्ड फिरू लागली. सूर पार वर गेला, सुई जागची हलली नाही, आणि ताई ताडकन उठून उभी राहिली.

"मीच!" ती कुजबुजली. "अगं, मीच ही! पुन्हा लाव!"

माईचा आनंद गगनात मावेना. कॉम्प्युटरने त्या आवाजातला जीव खाल्ला असेल, तर ती जागा तिला सापडली नाही, आणि ताईला तर मुळीच नाही.

पुन्हा ऐकून झाल्यावर ताईने रेकॉर्ड उजेडात धरली. "यावर तुझं पान नाही?"

माईने खिळा उचलला. कोऱ्या कड्यात पान ओरखडलं आणि खिळा भावापुढे धरला.

"घे, शेजारी तुझंही काहीतरी काढ. आणि खबरदार, माझ्या पानापेक्षा मोठं काढलंस तर!"