आल्ताराखालचा वूफर

वसईतल्या सांडोर गावच्या थॉमस तुस्कानोच्या डोक्यात एखादं खूळ शिरलं, की ते काढणं फादरांच्याही हातात नसायचं. बहरीनला एसी दुरुस्त करत अर्धं आयुष्य घालवून तो २००१ साली कायमचा घरी आला. इतर लोक आखातातून सोनं आणतात. या बहाद्दराने वूफर आणला. तांदळाच्या कोठीएवढा काळा डबा, आणि त्यातून निघणार काय, तर फक्त जाड आवाज: ढोल, गडगडाट, स्फोट. मोठा टीव्ही आणि भिंतीवर टांगलेले स्पीकर जोडून त्याने घराच्या हॉलचं थेटर केलं. गावातली माणसं आली, सिनेमे बघून गेली, छातीवर हात ठेवून 'बाप रे' म्हणाली.

पण ज्या एका माणसासाठी हा सगळा खटाटोप होता, ते माणूस काही खूश होईना.

ते माणूस म्हणजे बर्था, त्याची बायको. वटार गावच्या पॉलबाबाची लेक. पॉलबाबा लग्नाच्या बँडमध्ये मोठा ड्रम वाजवायचा आणि बर्था देवळाच्या गायनात पहिल्या रांगेत असायची. थॉमस परत यायच्या आदल्या वर्षी तिला मोठा ताप आला आणि जाताना कान घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज गेले, जाड तेवढे थोडे शिल्लक आहेत. कानातलं यंत्र शिट्ट्या मारायचं, म्हणून तिने ते कपाटात ठेवून दिलं. गाणं सुटलं, गप्पा सुटल्या. चारचौघांत ती नुसती हसून मान हलवायची. थॉमसला ते हसू बघवत नसे. जाड आवाज शिल्लक आहेत ना, मग जाड आवाजच घरात आणतो, असा त्याचा सरळ हिशेब होता.

बर्था सोफ्यावर बसणारी बाई नव्हे. स्वयंपाकघराच्या दाराशी तिच्या माहेरचं लाकडी बाकडं होतं. तिथून चूलही दिसते आणि फाटकही, म्हणून बसणार तर तिथेच. थॉमसने आवाज वाढवला की सोफ्यावरच्यांच्या बरगड्या हलायच्या, शेजारच्या फ्लॉसीबायच्या फळीवरच्या बश्या नाचायच्या, आणि बर्था वाल सोलत म्हणायची, "मला काय नाय लागत, थॉमस. तू बघ."

दोन वर्षं तो मनात म्हणत राहिला, कान पुरतेच गेले बिचारीचे. मग एके दिवशी, ती वाडीत केळी बघायला गेलेली असताना, वहाणेचा पट्टा नीट करायला तो सहज त्या बाकड्यावर टेकला. टीव्हीवर लढाई चालू होती, तोफा सुटत होत्या. आणि त्याच्या धडधाकट कानांना तोफेचा 'धाड' ऐकूच येईना! उठून दोन पावलं पुढे गेला, तोफ आली. परत बसला, तोफ गेली. म्हणजे दोष बायकोच्या कानांत नव्हता, खोलीत होता. भिंतींवर आपटून परत येणारा जाड आवाज नेमका त्याच जागी स्वतःला खाऊन टाकत होता. थॉमसला आनंद झाला आणि लाजही वाटली. पण आनंद जास्त.

बाकडं हलवायला बर्था तयार नव्हती. मोठा वूफर हलवून काही साधलं नाही. शेवटी तो वसई स्टेशनजवळच्या रॉबर्टच्या दुकानात गेला. रॉबर्ट म्हणाला, "अंकल, दुसरा वूफर लावा. पण सेम टू सेम पाहिजे. जोडी जुळली पाहिजे." तसला वूफर आता कुठे मिळत नव्हता. दुकानात होता तो एक तपकिरी, पाटाएवढा, सेटमधून एकटा मागे राहिलेला. रॉबर्टने हात झटकले. "मोठा आणि हा? भांडतील दोघं. सगळी वाट लागेल."

"माझं लग्न झालं तेव्हापण लोक हेच बोलले होते," थॉमस म्हणाला. तो सहा फुटी आणि बर्था त्याच्या कोपराएवढी. तपकिरी डबा घेऊन तो घरी आला.

आता तो ठेवायचा कुठे? त्याला एक युक्ती माहीत होती. वूफर ऐकणाऱ्याच्या जागी ठेवायचा आणि आपण जमिनीशी कान लावून खोलीभर फिरायचं. जिथे आवाज भरदार येईल, तीच वूफरची जागा. बर्था बाजाराला गेलेली बघून त्याने डबा बाकड्यावर ठेवला, ढोलाचा आवाज लावला आणि सहा फुटी देह गुडघ्यांवर आणून हॉलभर रांगू लागला. रांगत रांगत कोपऱ्यातल्या आल्ताराखाली, म्हणजे घरच्या देव्हाऱ्याखाली, पोहोचला. तिथे ढोल असा घुमला की तो डोळे मिटून, मान खाली घालून तसाच थांबला.

नेमकी त्या वेळी फ्लॉसीबाय बश्यांची तक्रार घेऊन खिडकीशी आली होती. थॉमस गुडघ्यांवर, समोर आल्तार, डोळे मिटलेले. तिने तोंडावर हात ठेवला आणि आल्या पावली मागे फिरली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं: थॉमसने बर्थाच्या कानांसाठी नवस केलाय, गुडघ्यांवर चालतो बिचारा! रविवारी देवळातली मिस्सा सुटल्यावर सहा-सात बाया रोजरीची प्रार्थना म्हणायलाच घरी आल्या. थॉमस कोपऱ्यात चोरासारखा उभा. खरं सांगावं तर हसं होणार, न सांगावं तर पाप लागणार.

बाया गेल्यावर त्याने बर्थाच्या कानाशी ओरडून सगळं कबूल केलं. नवस नाही, वूफर. आणि त्याची जागा आल्ताराखाली. आल्ताराखाली ती केरसुणीसुद्धा स्वतःच फिरवायची, दुसऱ्याला हात लावू द्यायची नाही. तिने एवढंच विचारलं,

"रांगलास कुणासाठी?"

"तुझ्यासाठी."

"मग ठेव. वरून चांगला कपडा घाल फक्त."

डबा ठेवला, कपडा घातला, दोन्ही वूफर चालू केले. आणि ढोल सगळीकडूनच गायब! रॉबर्टचं भाकीत खरं ठरलं, दोघं भांडत होते. एक पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता. थॉमसने धाकट्याच्या पाठीमागचं बटण उलटं केलं. मग मोठ्याचा आवाज उतरवला, कारण दांडगोबाने जरा दमानं घेतल्याशिवाय धाकट्याचं काही चालणार नव्हतं. बाकड्यावर बसून ऐकायचं, उठायचं, थोडं फिरवायचं, परत बसायचं. दुपारचं जेवण राहिलं. शेवटी बाकड्याचं लाकूड त्याच्या मांडीखाली थरथरलं.

मग त्याने ती कॅसेट काढली. त्यांच्या लेकीचं, एलिसाचं लग्न, १९९६. आदल्या दिवशी विहिरीचं पाणी आणायला मंडळी बँड लावून निघतात, तो भाग. पॉलबाबाने त्या दिवशी शेवटचा ड्रम वाजवला, पुढच्या वर्षी तो गेला. विहिरीच्या वळणावर आला की तो दोन ठोके जास्त मारायचा. ती त्याची जुनी खोड होती.

बर्था नेहमीच्या जागी बसली. टीव्हीकडे बघायची तिची तयारी नव्हती, सुपातले वाल सोलत होती. थॉमसने कॅसेट लावली आणि तो तिच्याकडे बघत राहिला.

तिची बोटं थांबली. मग पायाचा अंगठा हलायला लागला. वर न बघताच ती म्हणाली, "बाबा वळणावर आला."

थॉमसने गर्रकन टीव्हीकडे पाहिलं. मंडळी विहिरीच्या वळणावरच होती.

तो सहा फुटी माणूस लहान पोरासारखा ओरडला. बर्था उठली, सूप कलंडलं, वाल घरभर झाले, आणि ती कंबरेवर हात ठेवून बापाच्या ठेक्यावर नाचू लागली. बश्या सांभाळत आलेली फ्लॉसीबाय दारातच थबकली.

"फळला गं बाय नवस!" ती किंचाळली.

"फळला, फ्लॉसीबाय, फळला!" थॉमस म्हणाला. या वेळी त्याला जराही खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही.

बर्थाला त्यांचं बोलणं ऐकू आलं नाही. तिला ऐकायचंही नव्हतं. कमी ऐकणारी माणसं बोलतात तशी, साऱ्या सांडोरला ऐकू जाईल अशा आवाजात तिने हुकूम सोडला, "थॉमस, मागे घे! बाबा परत येऊ दे वळणावर!"