दीनानाथांनी जोडलेली इकेंगा

डब्लिनजवळच्या ल्यूकनमधल्या त्या गल्लीत कुणाचं काहीही मोडलं, की ते दीनानाथांच्या शेडमध्ये येऊन पडायचं. दिवसा ते मेडिकल उपकरणांच्या कारखान्यात टूलरूम सांभाळत आणि संध्याकाळी शेजाऱ्यांच्या लंगड्या खुर्च्या. मोडकी वस्तू दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. बायकोनं, सरितानं, टाकायला काढलेला पोळपाट या गृहस्थांनी तीनदा जोडून परत ओट्यावर आणून ठेवला होता. कुणी सांगितलं होतं का? छे!

२०१७ च्या ऑक्टोबरात शेजारच्या ओबिओराचे वडील वारले. ओबिओरा नायजेरियातला इग्बो, डब्लिनमध्ये बस चालवायचा. म्हातारा शेवटची दोन वर्षं त्याच्याकडेच होता. आता देह गावी न्यायचा होता. येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी खुर्च्या पोचवायला दीनानाथ गेले, तेव्हा त्याच्या घरामागच्या शेडमध्ये त्यांना म्हाताऱ्याची इकेंगा दिसली. वीतभर उंचीची, डोक्यावर दोन शिंगं, उजव्या हातात सुरा, अशी लाकडी मूर्ती. माणसाच्या उजव्या हाताचं बळ त्यात असतं, असं म्हाताऱ्यानंच त्यांना मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. आता तिची उभी दोन शकलं झाली होती.

गडबडीत पडली असणार, असं दीनानाथांनी स्वतःच ठरवलं आणि शकलं पिशवीत घालून घरी आणली. दोन संध्याकाळी फेव्हिकॉल, शिकंजा आणि पॉलिश पेपर घेऊन ते बसले. जोड दिसेल तर शपथ!

शवपेटी बंद व्हायच्या सकाळी ओबिओरानं काहीतरी शोधत घर उलथंपालथं केलं होतं. दीनानाथ हसतमुखानं आत शिरले.

"हे घ्या. जोड शोधून दाखवा. एकदम ग्रँड झालीय!"

ओबिओरानं मूर्ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "दीना, ती मीच फोडली होती."

त्याच्या गावात माणूस गेला की थोरला मुलगा त्याची इकेंगा फोडतो. अर्धी त्याच्याबरोबर जाते, अर्धी टाकून देतात. अखंड राहिली तर माणसाची सुटका होत नाही. आणि पेटी न्यायला माणसं तासाभरात येणार होती.

दीनानाथांना तोंड कुठे लपवावं कळेना. ते धावत जाऊन पटाशी आणि हातोडी घेऊन आले. पण जोड काही केल्या सुटेना. आपल्याच कामाला त्यांनी मनसोक्त शिव्या घातल्या.

"तुम्ही धरा," ओबिओरा म्हणाला. "फोडायची मीच."

दीनानाथांनी मूर्ती घट्ट धरली. ओबिओरानं हातोडी उचलली आणि त्याला रडू फुटलं.

"त्या दिवशी एकट्यानं फोडली. डोळे मिटून, घाईघाईत. बाबांशी एक शब्द बोललो नाही."

दीनानाथांचेही डोळे भरून आले. "मग आता बोला. पेटीवाले थांबतील. मी धरलंय."

ओबिओरा आपल्या भाषेत वडिलांशी बराच वेळ बोलला. मध्येच एकदा हसलासुद्धा. मग एकाच घावात लाकूड जोडाच्या शेजारून उभं चिरलं. अर्धा भाग त्यानं पेटीत म्हाताऱ्याच्या उजव्या हाताशी ठेवला.

घरी सरितानं विचारलं, "काय हो, आवडली का त्याला?"

"फोडून आलो," दीनानाथ म्हणाले. "दोघांनी मिळून. छान फुटली."

त्यांनी हात धुतले आणि तिच्याकडे चहा मागितला.