गव्हर्नरची नात
न्यू लिनच्या केमिस्टकडे लॅव्हेंडर पावडरचा वास आला आणि हिल्सबरोच्या वृद्धाश्रमातली तीच पावडर लावणारी अमेरिकन म्हातारी आठवली. मी तिथे नवी नर्स होते. प्रत्येकाच्या दारावर आम्ही त्याची जीवनकहाणी लिहून लावायचो. तिची एकच कहाणी होती: तिचे आजोबा लाकडाच्या गिरणीत मजूर, मग वकील, मग शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या त्यांच्या राज्याचे गव्हर्नर, गरिबांचे कैवारी. एकदा माझ्या हातांना मसाल्याचा वास येतो म्हणून तिने सगळ्यांसमोर मला हात पुन्हा धुवायला लावले. त्याच दुपारी चहाच्या वेळी मी फोनवर तिच्या आजोबांची माहिती शोधली आणि सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. संपावरच्या गिरणी मजुरांवर त्यांनी सैनिक सोडले होते. मेलेल्यांत बायकाही होत्या. ती कपाकडे बघत म्हणाली, "मला ते खांद्यावर घेऊन बागेत फिरवायचे." "स्वीट ॲज," मी इथल्या किवी लोकांसारखं म्हटलं, "छानच, तेही लिहिते." दोन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहून मी तिच्या दारावर लावल्या. ती पुन्हा कधी चहाला बाहेर आली नाही. परवा माझ्या मुलीने विचारलं, "आई, व्हॉट डिड आजोबा डू?" मी म्हटलं, "पोलिसात होते," आणि ती माझ्या बाबांचं नाव शोधायच्या आत तिच्या हातातला फोन काढून घेतला.