ब्रेक कामून झिजायलेत

मुलगी पुण्याला शिकायला गेली त्या वर्षी आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, लाल गाडी घेतली. छोटीच, पण धावायच्या गाडीसारखी बसकी, रुंद टायरांची, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय टेकवला की पाठ सीटला चिकटणारी. बीदरजवळच्या कोळारच्या एका औषधाच्या कारखान्यात ते शिफ्टचे इन्चार्ज. त्यांना ना पानाचा शौक, ना पत्त्यांचा. कॉलेजात असल्यापासून गाडी चालवणं हाच काय तो एक शौक. आधीची गाडी क्लचची होती, ही ऑटोमॅटिक. डाव्या पायाला काही कामच नाही, याचं त्यांना पहिले काही दिवस हसू यायचं. "हा पाय आता पेन्शनीत निघाला," म्हणायचे.

काही महिन्यांतच पुढच्या चाकांतून किर्र किर्र आवाज यायला लागला. सर्व्हिस सेंटरला नेली, तर तिथल्या सुपरवायझरनं सांगितलं की ब्रेक पॅड संपलेत. पार लोखंडाला लोखंड घासायलंय.

"इतक्या लवकर? कामून?" मालकांनी विचारलं.

"गाडी पळवताव असाल, सर. मग ब्रेकबी तसेच लागतात."

ते हसले. पळवत होतेच ते. नवे पॅड टाकून आम्ही घरी आलो, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तोच आवाज. या वेळी सुपरवायझरनं गाडी वर चढवली, चाकं काढली, ब्रेक कुठं अडकून बसतोय का ते हातानं फिरवून बघितलं. सगळं मोकळं होतं. मग तो जरा चाचरत म्हणाला, "सर, दोन्ही पायानं चालवताव का? क्लचची सवय असलेले काही लोक डावा पाय ब्रेकवर ठेवतात. त्यांना कळतच न्हाई."

"माझा डावा पाय बाजूला असतोय," मालक म्हणाले. "कॉलेजपासून गाडी चालवायलोय मी. कुणाला शिकवायलास?"

त्यानं नवे पॅड टाकून चाकं बसवली.  घरी आल्यावर मालक माझ्याकडं वळून म्हणाले, "आठवड्यातून दोनदा गाडी औरादला कोण नेतंय?"

मी औरादच्या शाळेत मराठी शिकवते. बाजाराच्या दिवशी बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, म्हणून त्या दिवसांत मी गाडी न्यायची. "मी ब्रेकवर पाय ठेवून बसत न्हाई," मी म्हणाले. "मग झिजायलेत कसे?" ते म्हणाले. मी गाडीची किल्ली त्यांच्यासमोर ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून बसनं जायला लागले. राग आला होता. पण मनात असंही होतं की आता तरी खरं काय ते उघडं पडेल.

मी गाडीला हात लावला नाही, तरीही ब्रेक झिजले.

तिथून पुढं घरात दुसरा विषय उरला नाही. त्यांनी बीदरची दोन गॅरेजं पालथी घातली, उदगीरला जाऊन आले. एकानं डिस्क बदलली, एकानं ब्रेकचं तेल. प्रत्येक जण नवा दोष काढायचा, मालक नव्या आशेनं परत यायचे आणि पुन्हा तो वास यायचा. जळक्या रबरासारखा, घशात बसणारा. गाडी लावून आत आले की चाकाजवळ उकिडवं बसून हात धरायचे. चाक तव्यासारखं तापलेलं असायचं. जेवताना मध्येच उठून खाली जायचे. मी म्हणायची, "ताट तरी संपवा." त्यांना ऐकूच यायचं नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसानं झोपावं, तर ते पलंगाच्या कडेला बसून मोबाइलवर ब्रेकचे व्हिडिओ बघत राहायचे.

गाडी विकून टाका, असं मी एकदा सांगून बघितलं.

"कुणाला विकू?" ते म्हणाले. "ब्रेक टिकत न्हाईत ती गाडी कुणाच्या लेकराबाळाच्या गळ्यात बांधू?"



सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन कलबुर्गीला झालं होतं. ते दाखवायला आम्ही तिघं दिवसाउजेडी निघालो. ब्रेक नुकतेच नवे घातलेले. हुमनाबाद मागं पडलं. कमलापूरच्या अलीकडं उतार लागला. पुढं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या जोडलेला, हळूहळू चाललेला. वास आला तेव्हा मी काच वर केली, वाटलं बाहेरचा असेल. मग बघितलं, मालक पुढं वाकले होते आणि उजव्या पायानं पूर्ण जोर लावत होते. गाडी मात्र हळू होत नव्हती.

"लागंना," ते म्हणाले. ओरडले नाहीत. अगदी हळू म्हणाले. "ब्रेक लागंना झालाय."

ट्रॅक्टरवरचा ऊस काचेसमोर मोठा मोठा होत गेला. मागं सासूबाई एका डोळ्यावर हिरवी पट्टी लावून "येनायतप्पा, येनायतप्पा" करत होत्या, काय झालं बाबा म्हणून कानडीत विचारत होत्या. मी हँडब्रेक ओढला. मालकांनी गाडी डावीकडं घातली. खडी उडाली, गाडी रस्ता सोडून तुरीच्या रानात शिरली, धडधडत गेली आणि बांधाला टेकून थांबली.

कुणाला काही झालं नाही. सासूबाईंचं डोकं पुढच्या सीटला लागलं, तेवढंच. मालक स्टिअरिंगवर कपाळ टेकून रडायला लागले. वडील गेले तेव्हा चारचौघांत न रडलेला माणूस. "आईला मारलो असतो मी," एवढंच म्हणत राहिले. ऊसवाला ट्रॅक्टर थांबवून पळत आला, पाणी दिलं. 

त्या दिवसानंतर मला त्यांची भीती वाटायला लागली. खरं सांगायचं तर त्यांच्या डोक्याची. सगळे सांगतायत, गाडीत दोष नाही. हे सांगतायत, माझा पाय ब्रेकवर नसतो. मग दोघांतलं एक खोटं. हे मुद्दाम खोटं बोलत असतील का? की काही तरी बिनसलंय? मुलीला फोनवर काही बोलता येईना. शाळेत शिकवता शिकवता मध्येच थांबायची, पुढचं वाक्य आठवायचं नाही. रात्री ते कुशीवर वळले की मी जागी व्हायची. एकदा ते अंधारातच म्हणाले, "मला वेड लागायलंय का ग?" मी "न्हाई" म्हणाले. पण त्या न्हाईवर माझाच विश्वास नव्हता.

गाडी दुरुस्त होऊन आली ती उभीच होती. मग जनवाड्याहून नणंदेचा फोन आला. तिच्या घरी कार्य होतं आणि सासूबाईंना तिथं न्यायला हवं होतं. नणंदेचे मालक, ज्यांना मी अण्णा म्हणते, भांडीकुंडी न्यायला पिकअप घेऊन बीदरला आलेच होते. मालक म्हणाले, "आई पिकअपमधी चढू शकत न्हाई. मी हळूहळू नेतो गाडी. आता उतार न्हाई, काही न्हाई." मी अडवलं. ऐकलं नाही. सासूबाई त्यांच्या गाडीत बसल्या. मला मागच्या सीटवर बसायचं धाडस झालं नाही. मी अण्णांच्या शेजारी पिकअपमध्ये बसले आणि अण्णांना म्हणाले, "त्यांच्या मागंच राहा. नजरेआड होऊ देऊ नका."

बीदर सुटलं. रस्ता सपाट, दोन्ही बाजूला मोकळी रानं, समोर एकही वाहन नाही. मी लाल गाडीच्या मागच्या भागाकडं टक लावून बघत होते. बराच वेळ बघितल्यावर माझ्या लक्षात आलं की मी दिव्यांकडं बघतेय. दोन्ही बाजूंचे ब्रेकचे दिवे पेटलेले होते. आणि ते विझत नव्हते.

"अण्णा, ते ब्रेक मारायलेत का?"

"मघाधरून बघायलो मी बी," अण्णा म्हणाले. "समोर कोण बी न्हाई. कामून मारायलाय काय की. का दिव्याचं बटन अडकलंय?"

मी मालकांना फोन लावला. उचलला नाही. अण्णांनी हॉर्न वाजवून, पुढं जाऊन गाडी थांबवायला लावली. गाडी थांबली, मालक उतरले, आणि दिवे विझले. म्हणजे बटन अडकलेलं नव्हतं.

"काय झालं?" ते घाबरून म्हणाले.

मला ओरडायचं होतं. इतके महिने मला बोल लावलात, माणसांशी भांडलात, आईला रानात घातलंत, आणि पाय तुमचाच. पण त्यांचा चेहरा बघितला आणि शब्द गिळले. मी म्हणाले, "परत बसा. गाडी चालू करा. जागची हलवू नका."

ते बसले. मी उघड्या दारातून खाली वाकून बघितलं. त्यांचा डावा पाय ब्रेकच्या पॅडलवर निवांत टेकला होता. जसा एखादा माणूस पाटावर पाय ठेवतो तसा. दाबलेला नव्हता, नुसता त्याचा भार होता. त्या भारानंच ब्रेक सारखे घासून तापत होते, आणि तापून त्या उतारावर लागले नव्हते.

"खाली बघू नका," मी म्हणाले. "समोर बघा आणि सांगा. डावा पाय कुठंय?"

"बाजूला. रिकाम्या जागेवर."

"नीट सांगा."

"सांगायलोय की! बाजूलाच हाय."

ते खोटं बोलत नव्हते. माझ्या अंगावर काटा आला तो याच्यामुळं. मी त्यांच्या पायातली चप्पल काढली, अंगठा धरून वर केला, खाली केला. "आता काय करायले मी?"

ते समोर रस्त्याकडं बघत राहिले. खूप वेळानं म्हणाले, "हात लावलीस का पायाला?"

मग त्यांनी खाली बघितलं. आपला अंगठा माझ्या मुठीत आहे हे त्यांना दिसलं.  मागच्या सीटवरून सासूबाई विचारत होत्या, काय झालं, काय झालं. अण्णांनी त्यांना हळूच उतरवून पिकअपजवळ नेलं.

कलबुर्गीच्या मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. मिटल्याबरोबर ते झाड कलावं तसे कलले. बाईंनीच धरलं. मग थरथरणारा एक लोखंडी काटा त्यांच्या घोट्याच्या हाडावर टेकवला. थरथर कळते का? नाही. गुडघ्यावर? थोडी. बाई एकेक विचारत गेल्या. तोंड धुताना भिंतीला हात लावावा लागतो का? चालता चालता चप्पल निसटते आणि कळत नाही, असं होतं का? मालक खाली मान घालून हो म्हणत गेले. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. एकाच घरात राहून माहीत नव्हतं.

"कधीपासून?"

"वय झालं म्हणून वाटलं," ते म्हणाले.

आम्ही शाकाहारी, अंडंसुद्धा घरात येत नाही. त्यात ते कित्येक वर्षं रोज उपाशीपोटी अ‍ॅसिडिटीची गोळी घेत होते. रक्त तपासल्यावर कळलं की या दोन्हींमुळं अंगातलं बी-बारा हे जीवनसत्त्व जवळजवळ संपलंच होतं. पाय कुठं आहे हे मेंदूला सांगणाऱ्या नसा पाठीच्या कण्यातच वाळत चालल्या होत्या. दोन्ही पायांच्या, डाव्याच्या जास्त. उजव्याला पॅडलवर जोर द्यावा लागायचा, ते ओझं तरी त्याला थोडं कळायचं. रिकाम्या डाव्याला कसलाच पत्ता नव्हता.

"म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो," मालक बाईंना म्हणाले. लहान पोरासारखं.

"नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हाला जे जाणवत होतं तेच सांगत होता."

ते माझ्याकडं वळले नाहीत. खिडकीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बरं होईल का?"

बाईंनी खोटा धीर दिला नाही. इंजेक्शनं सुरू करू, म्हणाल्या. आहे ते तरी थांबेल. गेलेलं किती परत येईल ते आज सांगता येत नाही, उशीर झालाय. गाडी मात्र चालवायची नाही.

ते महिने कसे काढले ते सांगणं अवघड आहे. ते पायाकडं बघत घरात चालायचे. वर बघितलं की पाय चुकायचा. वीज गेली की आहे तिथं खाली बसायचे आणि दिवे येईपर्यंत उठायचे नाहीत. मी मेणबत्ती घेऊन आले की म्हणायचे, "एवढं सुदीक जमंना." एकदा आंघोळीला गेले ते बाहेर येईनात. दार ढकललं तर डोक्याला साबण तसाच, दोन्ही हातांनी नळ धरून उभे. डोळे मिटायचे म्हणजे पडायचं, आणि साबण डोळ्यात चाललेला. मी पाणी घातलं. ते म्हणाले, "मला असं ठेवू नको ग." कसं ठेवू नको, हे मी विचारलं नाही. डोकं पुसत राहिले.

गाडी मीच चालवायला लागले, औरादला आणि इंजेक्शनासाठी दवाखान्यात. ब्रेक आहेत तसेच आहेत, झिजले नाहीत. पहिल्या सर्व्हिसला सुपरवायझर आनंदानं सांगायला आला, तर मालक खुर्चीतून उठून म्हणाले, "तुला त्या दिवशी फाडून बोललो. चुकलं." तो ओशाळला.

थोडं परत आलंय. गुडघ्याखाली थरथर कळते, पावलात अजून नाही. कारखान्यानं त्यांना जिन्याची, मशिनीची कामं नको म्हणून टेबलाच्या कामाला बसवलं. कामावर परत जायच्या पहिल्या दिवशी कारखान्याची बस कोपऱ्यावर आली. मी हात धरायला पुढं झाले, तर त्यांनी नको म्हणून मान हलवली. दांडा धरला, पायाकडं बघितलं, पहिल्या पायरीवर ठेवला, परत बघितलं, दुसरा उचलला.  ड्रायव्हर थांबला होता. मी तिथंच उभी राहून बघत होते. त्यांनी मागं वळून बघितलं नाही, कारण वळले असते तर तोल गेला असता.

दार लागलं, बस निघाली.